गाडीचा विमा आहे, पण चालवणाऱ्याचा आहे का?

मलकापूर-नांदुरा-खामगावचा राष्ट्रीय महामार्ग 53 असो, बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट असो की सैलानी बाबांच्या यात्रेचा रस्ता, आपल्या जिल्ह्यात बहुतेक घरांचा कारभार मोटारसायकलवरच चालतो. कापसाच्या दिवसांत मागे लाईट नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, महामार्गाच्या कडेला अंधारात ट्रक उभे असतात. चारचाकीला निदान पत्रा असतो, मोटारसायकलवाल्याचं अंगच पुढे असतं.

अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, "इन्शुरन्स आहे ना?" घरचे म्हणतात, "आहे." फसगत इथेच होते.

थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्यासाठी

कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा समोरच्याची भरपाई देतो. तुमच्या गाडीने कोणाला इजा झाली किंवा कोणाचा जीव गेला, तर विमा कंपनी पैसे भरते. हा विमा नसेल तर तीच रक्कम तुमच्या घरातून, शेतातून वसूल होऊ शकते. 75 ते 150 सीसीच्या गाडीला याचा वर्षाचा हप्ता कराशिवाय 714 रुपये आहे. विमा नसल्यास पहिल्या वेळी 2000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण तुमचीच गाडी घसरली, तर हा विमा तुम्हाला काहीच देत नाही. मागे बसलेल्या बायकोला किंवा आईलाही त्यातून हक्काने भरपाई मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं आहे. मागे बसणाऱ्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर मात्र त्या वाहनाच्या विम्यावर दावा करता येतो.

स्वतःसाठी कोणता?

गाडीमालकासाठी 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. मालकाकडे चालू लायसन्स हवं. आणि नवीन गाडीसोबत थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा असला, तरी हे संरक्षण अनेकदा एकाच वर्षाचं घेतलेलं असतं. कागदावर "5 वर्षं" दिसतं म्हणून आपण निश्चिंत राहतो. मित्राची गाडी मागून नेणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूवर 2 लाख देते.

विम्यातलं व्याज आणि अनिश्चितता यामुळे अनेक घरं मागेपुढे पाहतात, हे आम्ही जाणतो. थर्ड पार्टी विमा कायद्याची सक्ती असल्याने अनेक उलमांनी त्याला मजबुरी म्हणून मुभा दिली आहे. बाकी पॉलिसींबद्दल आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारा, पण विचारायचं लांबणीवर टाकू नका.

अपघात झालाच तर

- आधी 108 ला फोन करा. जखमीला नेणाऱ्या माणसाला कायद्याने संरक्षण आहे, घाबरू नका.
- 2025 च्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या दवाखान्यांत पहिले 7 दिवस दीड लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस आहेत. त्यासाठी पोलिसांत नोंद लवकर करा.
- पंचनामा आणि एफआयआरची प्रत घ्या, विमा कंपनीला लगेच कळवा.
- भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करा. जनाजा, इद्दत, घरची धावपळ यात हे महिने कधी सरतात कळत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो.
- धडक देऊन वाहन पळून गेलं, तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर इजेसाठी 50 हजार मिळतात.

आणि हेल्मेट? चालवणाऱ्यालाही हवं, मागे बसणाऱ्यालाही. विमा पैसे देईल, माणूस परत देणार नाही. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात चावी दिली, तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आज रात्री जेवण झाल्यावर डिकीतले कागद काढा. तारीख संपली का, मालकाचं अपघात संरक्षण चालू आहे का, मागे बसणारा त्यात आहे का, एवढं पाहा. आणि कागद कुठे ठेवलेत, ते घरातल्या बायकांनाही सांगून ठेवा. वेळ आली तर शोधाशोध त्यांनाच करावी लागते.