त्रिकोणी आक्रमणपद्धतीतील गार्डची भूमिका : शिकागो बुल्स संघाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

बास्केटबॉलमधील गार्ड या स्थानाचे जे वर्णन आपल्याकडील शारीरिक शिक्षणाच्या वर्गात केले जाते, ते सामान्यतः एकाच साच्यातील असते. गार्ड म्हणजे चेंडू ड्रिबल करीत प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात आणणारा, सहकाऱ्यांना पास पुरविणारा, संघाचा सूत्रधार. त्याच्या गुणवत्तेचे मोजमाप म्हणून असिस्टची संख्या पाहिली जाते. ज्या पासवर सहकारी लगेच बास्केट करतो, त्या पासला असिस्ट म्हणतात. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु ते एका विशिष्ट आक्रमणपद्धतीतील गार्डचे वर्णन आहे, याचा विसर पडतो. गार्डने काय करावयाचे हे त्याच्या अंगच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, संघाची पद्धती ठरविते. हे स्पष्ट करण्यासाठी अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक लीगमधील शिकागो बुल्स या संघाचे उदाहरण प्रस्तुत लेखात घेतले आहे. या संघाने १९९१, १९९२, १९९३, १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सहा विजेतेपदे मिळविली, आणि ती मिळविताना रूढ अर्थाचा सूत्रधार गार्ड त्याच्याकडे नव्हता.

पद्धतीचा उगम

त्रिकोणी आक्रमणाची मूळ कल्पना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक सॅम बॅरी यांच्याकडे जाते. त्यांचे शिष्य टेक्स विंटर यांनी कॅन्सस स्टेट विद्यापीठात तिला शिस्तबद्ध रूप दिले आणि १९६२ मध्ये 'द ट्रिपल-पोस्ट ऑफेन्स' हे पुस्तक लिहिले. विंटर १९८५ मध्ये शिकागो संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. पण ही पद्धती संघाने खऱ्या अर्थाने स्वीकारली ती १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाल्यावर. व्यावसायिक क्रीडाजगतात गाजलेली ही पद्धती मुळात विद्यापीठाच्या मैदानावर घडली, ही बाब आपल्यासारख्या अध्यापकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

रचना आणि गार्डचे कार्य

संघात पाच खेळाडू असतात : दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर. आक्रमणाच्या आरंभी दोन्ही गार्ड साधारणतः एकमेकांना समांतर असतात. एक गार्ड आपल्या बाजूच्या फॉरवर्डला पास देतो. इथपर्यंत काहीच वेगळे नाही. वेगळेपण पुढच्या क्षणी सुरू होते. पास दिल्यावर तो गार्ड चेंडू परत मागत नाही व तेथे थांबतही नाही. तो धावत मैदानाच्या त्या बाजूच्या कोपऱ्यात जातो. सेंटर त्याच बाजूस बास्केटजवळ उभा राहतो. कोपऱ्यात गार्ड, बाजूला फॉरवर्ड आणि आत सेंटर असा त्रिकोण तयार होतो. दुसरा गार्ड माथ्यावर, म्हणजे बास्केटपासून दूर मध्यभागी, आणि दुसरा फॉरवर्ड विरुद्ध बाजूस राहतो.

खेळाडूंमध्ये १५ ते १८ फुटांचे अंतर असावे, असा विंटर यांचा आग्रह होता. अंतर याहून कमी झाल्यास एकच बचावपटू दोघांवर नजर ठेवू शकतो. अधिक झाल्यास पास हवेत जास्त वेळ राहतो आणि मध्येच पकडला जातो. कोपऱ्यातला गार्ड, वरवर पाहता, काहीच करीत नसतो. तथापि त्याच्यावरील बचावपटूपुढे तो एक पेच उभा करतो. सेंटरला अडविण्यासाठी तो बचावपटू आत सरकला, तर गार्ड मोकळा होतो. न सरकला, तर सेंटरला एकट्याने झुंजण्याची संधी मिळते. २००१ पर्यंत एन.बी.ए.मध्ये क्षेत्रबचावास मनाई होती. बचावपटूने आपल्या खेळाडूपाशी राहावे, नाहीतर चेंडू असलेल्या खेळाडूवर उघडपणे दुहेरी बचावासाठी जावे, असा नियम होता. मधल्या जागेत घुटमळण्याची मुभा नसल्याने कोपऱ्यातील अचूक नेमबाज गार्डचे मोल त्या काळी विशेष होते.

माथ्यावरील गार्डचे काम तर आणखीच अदृश्य आहे. त्रिकोणाच्या बाजूस वाट बंद झाली की चेंडू त्याच्याकडे परत येतो आणि तो विरुद्ध बाजूस फिरवितो. शिवाय कोणीही बास्केटकडे नेम धरताच प्रतिहल्ला रोखण्यासाठी सर्वप्रथम मागे धावावयाचे ते त्यानेच. गुणपत्रिकेत या धावण्यासाठी रकाना नसतो.

पहिला पासच अडविला गेला, तर काय? तेव्हा विरुद्ध बाजूचा फॉरवर्ड झटकन फ्री थ्रो रेषेजवळ येतो, गार्ड त्याला चेंडू देतो आणि दुसरा सहकारी आपल्या बचावपटूच्या पाठीमागून बास्केटकडे मुसंडी मारतो. येथे कोणतीही ठरलेली चाल पुकारली जात नाही. बचावपटू जी वाट बंद करतो, तीच पुढची वाट कोणती हे सांगते. त्यामुळे निर्णय एका सूत्रधाराच्या हाती न राहता पाचही जणांत वाटला जातो.

जॉर्डन, पॅक्सन आणि हार्पर

या पद्धतीपूर्वीची स्थिती पाहणे उद्बोधक ठरेल. १९८८-८९ च्या हंगामात प्रशिक्षक डग कॉलिन्स यांनी मायकेल जॉर्डनला पॉइंट गार्ड म्हणून खेळविले. त्याने ११ पैकी १० सामन्यांत गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्ही बाबींत दुहेरी आकडा गाठला. वैयक्तिक पराक्रम म्हणून हे अजोडच. मात्र त्या वर्षी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत डेट्रॉइट संघाने शिकागोला हरविले. चेंडू कोणाच्या हाती असणार हे आधीच ठाऊक असलेला बचाव सगळे बळ तेथेच एकवटू शकतो, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानावे लागते. १९९०-९१ मध्ये जॉर्डनचे असिस्ट सामन्यामागे ८.० वरून ५.५ वर आले. आणि संघ प्रथमच विजेता झाला.

त्या वर्षी पॉइंट गार्डच्या जागी खेळणाऱ्या जॉन पॅक्सनचे असिस्ट सामन्यामागे अवघे ३.६ होते. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस लेकर्सचा मॅजिक जॉन्सन हा सूत्रधार गार्डचा परमादर्श. त्याची सरासरी १२.५. पाचव्या सामन्यात जॉन्सनने २० असिस्ट दिले. तरीही सामना शिकागोने १०८-१०१ असा जिंकला. बचावपटू जॉर्डनभोवती गोळा होत असताना मोकळ्या जागी उभ्या असलेल्या पॅक्सनने २० गुण केले, त्यांतील १० अखेरच्या सुमारे चार मिनिटांत. असिस्टच्या निकषावर पॅक्सन सामान्य ठरतो. पद्धतीच्या निकषावर मात्र तो त्या दिवशी नेमका जेथे हवा तेथे होता.

या पद्धतीची किंमतही गार्डलाच मोजावी लागते, हे नमूद केले पाहिजे. रॉन हार्पर १९९३-९४ मध्ये क्लिपर्स संघाकडून सामन्यामागे २०.१ गुण करीत होता. शिकागोकडून १९९५-९६ मध्ये त्याची सरासरी ७.४ वर आली. त्या हंगामात शिकागोने ८२ पैकी ७२ सामने जिंकले. उंच गार्ड म्हणून बचावात आणि माथ्यावरील जागा सांभाळण्यात हार्परचा वाटा मोठा होता. परंतु केवळ आकडे वाचणाऱ्यास त्याची कारकीर्द घसरलेलीच दिसेल.

मर्यादा आणि उपयोजन

ही पद्धती सर्वकाळ यशस्वी ठरते असे नव्हे. जॅक्सन अध्यक्ष असताना न्यूयॉर्क निक्सने तिचा अवलंब केला. २०१४-१५ मध्ये त्या संघाला ८२ पैकी केवळ १७ सामने जिंकता आले. तीन गुणांच्या नेमांचे वाढलेले प्रमाण आणि क्षेत्रबचावाला मिळालेली परवानगी यांमुळे खेळाचे गणितच बदलले आहे. असे असले, तरी मूळ विचार लोपलेला नाही. जॅक्सन यांच्या संघात गार्ड म्हणून खेळलेला स्टीव्ह कर पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक झाला. २०१५-१६ मध्ये त्या संघाने ७३ सामने जिंकून शिकागोचा विक्रम मोडला. त्या हंगामात संघात सर्वाधिक असिस्ट गार्ड स्टीफन करीचे (६.७) नव्हते, तर फॉरवर्ड ड्रेमंड ग्रीनचे (७.४) होते. चेंडू सोडून धावणारा गार्ड तेथेही दिसतो.

आंतरमहाविद्यालयीन संघनिवडीच्या चाचण्यांत गार्डची पारख बहुधा ड्रिबलचा वेग आणि हातातील सफाई यांवरून होते. परिणामी पास देऊन योग्य जागी जाणारा, पण चेंडूशी फारसे न खेळणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी वगळला जातो. स्पर्धेपूर्वी मिळणाऱ्या मोजक्या दिवसांच्या सरावात संपूर्ण त्रिकोणी पद्धती बसविणे शक्य नाही, हे मान्यच आहे. मात्र तिचा एक भाग स्वतंत्रपणे घेता येतो. तीन विरुद्ध तीन असा खेळ अर्ध्या मैदानावर ठेवावा, ड्रिबलला पूर्ण मनाई करावी आणि पास दिल्यानंतर प्रत्येक गार्ड कोठे गेला, किती वेळ जागच्या जागी उभा राहिला आणि नेम धरल्यावर कोण मागे धावला, एवढ्याच तीन गोष्टींची नोंद एखाद्या राखीव खेळाडूकडून करून घ्यावी. चाचणीच्या तक्त्यात हे तीन रकाने वाढविण्यास साहित्य लागत नाही आणि खर्चही येत नाही.