अर्धं पातं

बालाघाटात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. आरशावर संत सेना महाराजांची तसबीर, खाली तुरटीचा खडा. तिथला कारागीर दाढीला फेस लावून झाला की ब्लेडची पुडी उचलतो, कागद न काढताच दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वाकवतो. कट् असा आवाज होतो. एक अर्धं पातं उस्तऱ्याच्या खोबणीत जातं, दुसरं कागदासकट फणीशेजारी, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

ज्या माणसाने हे ब्लेड जगाला दिलं, त्याला हा हिशेब मुळीच आवडला नसता. अमेरिकेतला किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांच्या बुचांचा फिरता विक्रेता. लोक एकदा वापरून फेकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काहीतरी शोध, असा सल्ला त्याला बुचं बनवणाऱ्या मालकानेच दिला होता. तोवरचा वस्तरा याच्या अगदी उलट. लोहाराने घडवलेला, निसण्यावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा. न्हाव्याच्या धोकटीत आजोबांचा वस्तरा नातवापर्यंत चाले. 1895 मध्ये जिलेटला पातळ पत्र्याच्या पात्याची कल्पना सुचली, पण असा पत्रा कडक करून त्याला धार काढता येईल यावर जाणत्यांचा विश्वास बसेना. विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने ते जमवलं. 1901 मध्ये कंपनी निघाली आणि 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर व 168 ब्लेडं खपली! पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनेच सैनिकांसाठी रेझरची प्रचंड खरेदी केली. घरी परतलेल्या पोरांना रोज स्वतःच्या हाताने दाढी करायची सवय लागली होती.

ब्लेडच्या मधोमध असलेली ती लांब, नक्षीदार खाच मात्र भांडणातून आली. जिलेटच्या मूळ पात्याला तीन भोकं होती. हेन्री गाइसमन या प्रतिस्पर्ध्याने खाचेचं पातं काढलं, पेटंटवरून जुंपली, आणि 1930 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. आमचा कारागीर पातं मोडतो ते याच खाचेच्या आधाराने.

1962 च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्ड या तलवारी बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीने न गंजणारं, लेप दिलेलं ब्लेड बाजारात आणलं आणि जिलेटला घाम फुटला. अशा पोलादात क्रोमियम साधारण 13 टक्के. मँगनीज एक टक्क्याहूनही कमी, पण ते गंधकाला बांधून ठेवतं. नाहीतर तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीवर पाळी करणारे आमचे शेजारी हेच मँगनीज जमिनीच्या पोटातून काढतात. त्यांच्या हनुवटीवरून फिरणाऱ्या ब्लेडमध्ये बालाघाटचा कण असेलच असं नाही, पण मँगनीजशिवाय ते पातं लाटलं जाणं कठीण.

आपल्याकडे ब्लेडचा धंदा गाजवला तो मल्होत्रा घराण्याने: कोलकात्याचं टोपाझ, ठाण्याचं सुपर-मॅक्स. जिलेटला इथे धडा शिकवला तो पाण्याच्या मगाने. भारतासाठी केलेला एक रेझर कंपनीने अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांना तो आवडला, कारण त्यांच्याकडे नळ वाहता होता. इथे माणूस एका मगात दाढी उरकतो. केस पात्यात अडकून बसले. मग साहेबलोक घरोघर बसून दाढ्या पाहू लागले, आणि 2010 मध्ये 15 रुपयांचा, एकाच पात्याचा जिलेट गार्ड आला. पाच-पाच पात्यांची शर्यत लावणाऱ्या कंपनीने पुन्हा एकावर यावं, याची मला गंमत वाटते.

ब्लेड बोथट का होतं, हेही अलीकडे नीट कळलं. केस पोलादापेक्षा जवळपास 50 पट मऊ. तरी 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर केस वाकताना पात्याच्या कडेचा कमकुवत कण उडवतो, धारेला खांडं पडतात. भिजलेला केस मऊ पडतो. म्हणून कारागीर फेस घोळवत बसतो तो वेळ फुकट जात नाही.

एड्सच्या धास्तीनंतर सलूनमधले जुने वस्तरे मागे पडले आणि पातं बदलायचे उस्तरे आले. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणूही शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो, तेव्हा ही खबरदारी योग्यच म्हणायची. पुढच्या खेपेला खुर्चीत बसाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा, पातं तुमच्यासमोर कागदातून निघालं का तेवढं बघा, आणि वापरलेलं अर्धं पातं केराच्या टोपलीत न जाता वेगळ्या डब्यात जाऊ द्या. सकाळी ती टोपली कुणीतरी हाताने उपसत असतं.