टाकीलाही श्वास हवा!

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा सुमारे ३२० किलोमीटर लांबीचा उपसागर आहे. उन्हाळ्यात तेथे शिडाच्या कितीतरी नौका सहलीला निघतात. अशाच एका दहा मीटर लांबीच्या नौकेवर आपण बसलो आहोत अशी कल्पना करा. शीड वाऱ्याने फुगले आहे, पाणी चमचमते आहे, आणि आपण शिदोरी सोडून नुकताच पहिला घास घेतो आहोत. इतक्यात खालच्या खोलीतून कोणीतरी हातपंप मारल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ कुजक्या अंड्यांसारखा भपकारा! घास हातातच राहतो.

हा वास आला कोठून? आणि नेमका पंप मारल्यावरच का आला?

नौकेवरचा संडास

पूर्वीच्या शिडाच्या जहाजांवर खलाशांचा संडास जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाशी असे. ही जहाजे बहुधा मागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चालत. त्यामुळे घाण वास पुढच्या पुढे निघून जाई आणि उसळणाऱ्या लाटा ती जागा धुऊन काढीत. इंग्रजीत नौकेवरच्या संडासाला आजही 'हेड', म्हणजे डोके, म्हणतात ते यामुळेच.

पण सगळा मैला पाण्यात सोडायचा म्हणजे रोगजंतूही पाण्यात सोडायचे. चेसापीकमध्ये कालवे पुष्कळ, आणि ती कच्ची खाणारी माणसेही पुष्कळ! अमेरिकेत १९७२ साली जलशुद्धीचा मोठा कायदा झाला. किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरच्या आत, प्रक्रिया न केलेले मैलापाणी नौकेतून सोडण्यास आता तेथे मनाई आहे. म्हणून नौकेच्या पोटात मैला साठवण्याची टाकी बसवतात. धक्क्याला लागल्यावर ती शोषक पंपाने रिकामी करतात.

या टाकीतून एक हवानळी नौकेच्या बाहेर काढलेली असते. ती नसेल तर काय होईल? शोषक पंप आतले पाणी ओढू लागला आणि त्याच्या जागी हवा आली नाही, तर टाकीच्या भिंती आत दबतील, प्रसंगी तडकतीलही. आणि आत एक लिटर मैलापाणी ढकलले, की टाकीतला एक लिटर वायू बाहेर पडलाच पाहिजे. तो पडतो हवानळीतून. आले ना लक्षात, भपकारा पंप मारल्यावरच का आला ते?

दोन प्रकारचे जंतू

आता खरा प्रश्न. टाकीतल्या वायूला इतका वास का? तुम्ही म्हणाल, 'घाणीला वास येणारच!' पण हे उत्तर अर्धेच खरे आहे. घाणीचे विघटन करणारे सूक्ष्मजंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. वायुजीवी जंतूंना तुमच्या-आमच्यासारखा प्राणवायू लागतो. ते घाण खाऊन मुख्यतः पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. या दोहोंना वास नाही. अवायुजीवी जंतू प्राणवायूवाचून जगतात. त्यांच्या कामातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. गोबरगॅसच्या टाकीत आपण हवा मुद्दाम बंद करतो, कारण तेथे आपल्याला मिथेन हवा असतो. नौकेवरच्या टाकीत मात्र हेच नको असते.

त्यात नौकेवरचा संडास अनेकदा समुद्राच्याच पाण्याने धुतात. खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. काही अवायुजीवी जंतू याच सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. म्हणजे आपणच त्यांना कच्चा माल पुरवतो!

यावर उपाय म्हणून कोणी टाकीत सुगंधी औषध ओततो, तर कोणी हवानळीच्या तोंडाशी कोळशाची गाळणी बसवतो. कोळसा वास शोषतो हे खरे, पण गाळणीमुळे हवेची वाट अडते, आणि कोळसा भिजला की तो निकामी होतो. हवा कमी झाली की अवायुजीवी जंतूंचे फावते आणि वास आणखी वाढतो. वास कोंडायचा नाही, तर हवा आत घ्यायची, हाच खरा उपाय!

थोडे गणित करू

पुष्कळ नौकांवरची हवानळी १६ मिलिमीटर व्यासाची, लांबलचक आणि वळणावळणाची असते. समजा ती ३ मीटर लांब आहे. तिच्या जागी २५ मिलिमीटर व्यासाची, १ मीटर लांबीची सरळ नळी बसवली. तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे अडीचपट झाले आणि लांबी एकतृतीयांश. वायू आपोआप एकमेकांत पसरण्याचा वेग क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि लांबीबरोबर घटतो. म्हणजे प्राणवायूला आत यायला सातपटींहून अधिक चांगली वाट मिळाली!

याहून उत्तम म्हणजे दोन नळ्या, नौकेच्या दोन विरुद्ध बाजूंना. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की खोलीत वारा खेळतो ना, तसाच तो टाकीत खेळतो. मैलापाण्यावर साचलेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. वाहता वारा त्यालाही हलवून बाहेर काढतो.

नळी टाकीच्या माथ्यापासून सतत चढती हवी. मध्ये झोळ पडला, की नौका कलंडताच तेथे पाणी साचते आणि वाट बंद होते. नळीच्या तोंडाशी मीठ धरते, किडे घरे करतात. म्हणून ती अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी लागते. टाकी खोल असेल तर वरची हवा तळापर्यंत पोचत नाही, कारण एका लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. अशा वेळी मत्स्यालयात असतो तसा लहान पंप लावून तळाशी बुडबुडे सोडतात.

एवढे करूनही वास आला तर? मग मैलापाण्याच्या नळ्यांवर संशय घ्यायचा. काही नळ्यांतून वास हळूहळू बाहेर झिरपतो. ऊन पाण्यात पिळलेले फडके नळीवरून फिरवा आणि त्याचा वास घ्या. फडक्याला वास लागला तर नळी बदलायला झाली!

नाक फसते, सावधान!

हायड्रोजन सल्फाइड हवेच्या एक अब्ज भागांत काही थोडे भाग असला तरी आपल्या नाकाला कळतो. पण दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाला की नाकच बधिर होते. वास थांबला असे वाटते, आणि धोका तर वाढलेला असतो! त्याहून वाढला तर हा वायू प्राण घेतो. हा वायू हवेहून जड असल्याने खोल जागी साचून राहतो. गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरलेली कितीतरी माणसे आपल्या देशात अशीच दगावली आहेत. संरक्षणाच्या साधनांवाचून अशा कामाला माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून कोणत्याही टाकीत कधी वाकून पाहू नका, उतरू तर मुळीच नका.

घरी करून पाहा

कोबीची थोडी चिरलेली पाने पाण्यात घाला. अर्धे पाणी आणि पाने अरुंद तोंडाच्या बाटलीत भरा आणि झाकणाला बारीक भोक ठेवा. उरलेले पसरट थाळीत ओता आणि दिवसातून तीन-चार वेळा काडीने ढवळा. दोन्ही गच्चीत किंवा अंगणात ठेवा. चार-पाच दिवसांनी मोठ्या माणसाला सोबत घेऊन दोहोंच्या वासाची तुलना करा. नाक जवळ नेऊ नका, हाताने थोडी हवा नाकाकडे ओढा. कोणाचा वास उग्र आहे आणि का, ते वहीत लिहून ठेवा.

आणि पुन्हा कधी कोठे कुबट वास आला, तर अत्तराची बाटली शोधण्याआधी एक प्रश्न विचारा : येथे हवेची वाट कोठे अडली आहे?