रताळें : उपवासाचें आणि अवकाळाचें



आषाढी एकादशी आणि महाशिवरात्र हे दोन दिवस वगळले, तर शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत रताळ्याची आठवण फारशी निघत नाहीं. त्या दिवसांच्या तोंडावर करमाळ्याकडील आणि बेळगांवकडील रताळीं पुण्याच्या बाजारांत येऊन पडतात; पारणें झालें कीं गिऱ्हाईक पाठ फिरवितें. गंमत अशी कीं, व्रताला चालणारें हें कंद मूळचें अमेरिकेंतील. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर तें आपल्याकडे आलें. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र त्याच्या निराळ्या गुणाविषयीं. ऋतुमान बिघडत चाललें असतां हें पीक पोटाला कितपत आधार देईल, हा तो प्रश्न.

आम्हां नाशिककरांना तो परका नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत रेशनच्या दुकानांतील परदेशी तांबड्या मिलोवर पुष्कळ घरांनीं दिवस काढले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें गारपीट झाली, तेव्हां द्राक्षांचे घड आणि गव्हाच्या ओंब्या पाहतां पाहतां मातीस मिळाल्या. त्यांचें धन उघड्यावर होतें. रताळ्याचें जमिनीखालीं असतें. गारांनीं पानें फाटलीं तरी वेल पुन्हां फुटतो. पावसानें मध्येंच दडी मारली तर वाढ खुंटते, पण मुळें धरलेलें पीक सहसा मरत नाहीं. चार-साडेचार महिन्यांत कंद काढणीस येतात.

दुसरा गुण माझ्या मतें याहून मोठा आहे. बटाटा अथवा भुईमूग लावावयाचा म्हणजे खाण्याजोगाच माल मातींत पुरावा लागतो, आणि उपाशी घर शेवटीं बियाणें शिजवून खातें. रताळ्याला वेलाचे वीतभर तुकडे पुरतात; खाण्याचें खाऊन लावण्याचें शिल्लक उरतें. मात्र खरी मेख येथेंच आहे. हे तुकडे कणगींत सांठवितां येत नाहींत. चैत्र-वैशाखांत विहिरीच्या थारोळ्याशीं किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर वेलाचा एखादा वाफा हिरवा राहिला, तरच मृगाच्या पावसावर लागण होते. विहीर आटून तो वाळला, कीं दुष्काळावरील औषध दुष्काळानेंच नेलें म्हणावयाचें ! गांवांत निदान चार-पांच घरीं वेल जगला पाहिजे, तो याकरितां.

जपानांत १७३२ सालीं भातावर कीड पडून भयंकर दुष्काळ ओढवला. त्यानंतर आओकी कोन्यो या पंडितानें शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून १७३५ मध्यें एदो, म्हणजे आजचें तोकियो, येथें रताळीं लावून दाखविलीं. लोक त्याला 'रताळें-गुरुजी' म्हणूं लागले. आम्हां शाळामास्तरांना याहून मानाची पदवी कोणती मिळावी ?

हें पीक निर्दोष आहे असें नव्हे. चिकण काळ्या जमिनींत पाणी तुंबलें तर कंद कुजतात. निचरा होईल अशा वरंब्यावरच लागण करावी. वरंब्याला भेगा पडल्या तर सोंड्या भुंगा आंत शिरून कंद कडू करतो. म्हणून वेळोवेळीं माती चढवावी. निफाडकडील कडाक्याची थंडी त्याला मानवत नाहीं. शिवाय रताळ्यांत प्रथिनें थोडीं, तेव्हां सोबत डाळ हवीच.

आपल्या नेहमींच्या पांढऱ्या गराच्या रताळ्यांतून 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाहीं. नारिंगी गराचीं रताळीं ती उणीव उत्तम भरून काढतात. आफ्रिकेंत त्यांचा प्रसार करणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांचा २०१६ च्या जागतिक अन्न पारितोषिकांत वांटा होता. तिरुवनंतपुरम् येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनें 'भू सोना' ही तशी जात आपल्या देशासाठीं काढली आहे. पण गिऱ्हाईक वर्षांतून दोनदांच मागतें, तोंवर शेतकऱ्यानें ती लावावी तरी कोणाच्या भरंवशावर ?

घरीं आणलेलीं रताळीं धुवून ठेवूं नयेत, आणि फ्रिजमध्यें तर मुळींच नकोत. थंडीनें त्यांचा गाभा कठीण होतो. हवेशीर टोपलींत तीं चांगलीं टिकतात. वेलाचीं कोवळीं पानें मिळालींच, तर मुगाची डाळ घालून त्यांचीही भाजी होते.