तिसऱ्या दिवसाचे बुद्धिबळ

बाद पद्धतीच्या बुद्धिबळ स्पर्धेत दोन खेळाडूंची लढत सामान्यतः पारंपरिक प्रकारच्या दोन दीर्घ डावांची असते. एका दिवशी एक खेळाडू पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळते, दुसऱ्या दिवशी दुसरी, आणि दोन्ही डावांअंती गुण सारखे राहिले तर तिसऱ्या दिवशी कमी वेळेचे डाव खेळवून निकाल लावला जातो, ज्याला टायब्रेक म्हणतात. हा तिसरा दिवस नशिबाचा, असा समज जाणकारांतही आढळतो. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातील बाटुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात झालेल्या महिला विश्वचषक स्पर्धेकडे बारकाईने पाहिल्यास तो समज टिकत नाही.

या स्पर्धेत १०७ खेळाडू उतरल्या होत्या. पहिल्या २१ मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, उरलेल्या ८६ जणींतून ४३ पुढे आल्या आणि दुसऱ्या फेरीपासून ६४, ३२, १६ अशी निम्म्याने आटत जाणारी रचना सुरू झाली. यजमान देशाला या खेळाची मोठी परंपरा आहे. नोना गाप्रिंदाश्विली यांनी १९६२मध्ये मिळवलेले महिलांचे जगज्जेतेपद १९७८मध्ये माया चिबुर्दानिद्झे यांच्याकडे गेले आणि १९९१पर्यंत त्यांच्याकडेच राहिले, म्हणजे जवळजवळ तीन दशके ते जॉर्जियाबाहेर गेलेच नाही.

दीर्घ डावात प्रत्येकीला पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटे, त्यानंतर आणखी ३० मिनिटे आणि शिवाय पहिल्या चालीपासून दर चालीमागे ३० सेकंदांची भर मिळते. ही भर इतकी असली की घड्याळात कितीही कमी वेळ उरला तरी प्रत्येक चाल कागदावर नोंदवण्याचे बंधन सुटत नाही, आणि त्यातून हाताच्या हालचालींचा एक ठरीव क्रम तयार होतो: मोहरे हलवायचे, ज्या हाताने ते हलवले त्याच हाताने घड्याळ दाबायचे, मग लेखणी उचलून चाल लिहायची. स्वतःच्या मोहऱ्याला खेळण्याच्या हेतूने स्पर्श झाला की नियमानुसार शक्य असल्यास तेच खेळावे लागते. म्हणून निर्णय पक्का होईपर्यंत हात पटावर येत नाही, आणि किल्लेकोट करताना, म्हणजे राजा व हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करताना, हात आधी राजालाच लावावा लागतो. बरोबरीचा प्रस्ताव ठेवायचा तर आपली चाल करून, पण घड्याळ दाबण्यापूर्वी, तो बोलून दाखवायचा असतो. संवेदक बसवलेल्या पटांवर डाव संपल्यावर दोन्ही राजे मधल्या चार घरांत ठेवले जातात. पांढरा जिंकला तर दोन्ही पांढऱ्या घरांवर, काळा जिंकला तर दोन्ही काळ्या घरांवर, आणि या खुणेवरून पटाला जोडलेली यंत्रणा निकाल नोंदवते.

तिसऱ्या दिवशी हा क्रमच बदलतो. आधी १५ मिनिटांचे दोन डाव होतात आणि दर चालीमागे १० सेकंद मिळतात. कोंडी फुटली नाही तर १० मिनिटांचे दोन, मग ५ मिनिटांचे दोन, आणि तरीही गुण सारखेच राहिले तर ३ मिनिटांचे डाव निकाल लागेपर्यंत एकेक करून खेळवले जातात. जलद डावांत चाली लिहिण्याची सक्ती नसते. वरवर ही सवलत वाटते. परंतु दीर्घ डावात लिहिण्याच्या निमित्ताने मनाला पटापासून क्षणभर दूर होता येते, ती उसंतही त्या सक्तीबरोबर जाते. बाटुमीच्या उपांत्य फेरीत भारताच्या कोनेरू हंपी आणि चीनची लेई तिंगजी यांचे दोन्ही दीर्घ डाव व १५ मिनिटांचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. १० मिनिटांचा पहिला डाव गमावल्यावर जिंकण्यावाचून गत्यंतर नसलेला दुसरा डाव हंपी यांनी जिंकला, आणि मग ५ मिनिटांचे दोन्ही डाव घेऊन लढत ५–३ अशी संपवली. अशा क्रमाला योगायोग म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसऱ्या उपांत्य लढतीत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने माजी जगज्जेती तान झोंगयी हिला दीर्घ डावांतच हरवले, तेही दुसरा डाव १०१ चालींपर्यंत लांबवून. अंतिम लढत मात्र तिसऱ्या दिवशी गेली, आणि येथे अंदाज हंपी यांच्या बाजूने होता, कारण २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जलद बुद्धिबळाचे महिला जगज्जेतेपद त्यांनी मिळवले होते. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना हंपी यांनी एक प्यादे देऊन प्रतिहल्ल्याचा मार्ग धरला, दिव्याकडे वरचष्मा आला, तो तिच्या हातून निसटलाही. परंतु तोवर घड्याळाचा ताण हंपी यांच्यावर अधिक होता, पुन्हा चूक झाली आणि ७५ चालींनंतर त्यांनी डाव सोडला. डावाच्या अखेरच्या टप्प्याचा अभ्यास अजून करायला हवा, हे दिव्याने विजयानंतर स्वतःच सांगितले. चुका दोघींकडून झाल्या, हे खरे. पण स्पर्धेत तिच्या झू जिनेर, हरिका द्रोणवल्ली आणि हंपी या तिघींविरुद्धच्या लढती टायब्रेकवर आल्या आणि तिन्ही तिने जिंकल्या, तेव्हा हातची संधी निसटल्यावरही पुढची चाल शांतपणे शोधणे हे तिचे कमावलेले कौशल्यच मानावे लागते.

ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी २५०० मानांकन गुण आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतील तीन पात्रता-कामगिऱ्या, ज्यांना नॉर्म म्हणतात, लागतात. दिव्याकडे बाटुमीला जाताना असा एकही नॉर्म नव्हता; या स्पर्धेच्या विजेतीला किताब थेट मिळतो, या तरतुदीने ती ग्रँडमास्टर झाली. काहींना ही पळवाट वाटते. वस्तुतः दर लढतीत हरणारी घरी जाते अशा स्पर्धेत अखेरपर्यंत टिकणे ही नॉर्मपेक्षा कठोर परीक्षा आहे. हा किताब मिळवणारी ती चौथी भारतीय महिला. आधीच्या तिघी, हंपी, हरिका आणि वैशाली, बाटुमीत तिच्यासोबत उपांत्यपूर्व फेरीत खेळत होत्या.