संगणक प्रणालीची निवड : किमतीपलीकडचा हिशेब

शासकीय कार्यालय असो वा शाळा, संगणक खरेदी करताना यंत्राची किंमत आणि क्षमता यांची चौकशी आवर्जून केली जाते. त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच संचालन प्रणाली चालणार, हा प्रश्न मात्र बहुधा विक्रेत्यावर सोडला जातो. वस्तुतः पुढील अनेक वर्षांचा खर्च आणि परावलंबन याच निवडीवर अवलंबून असते.

ॲपलची मॅकओएस ही प्रणाली त्याच कंपनीच्या यंत्रांपुरती मर्यादित आहे. त्यामुळे सार्वजनिक खरेदीत खरी तुलना उरते ती मायक्रोसॉफ्टची विंडोज आणि लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली यांची.

विंडोजचे बळ सवयीत आहे. हिशेबाची, आरेखनाची अनेक सॉफ्टवेअर प्रथम तिच्यासाठीच लिहिली जातात आणि ती जाणणारे मनुष्यबळही सहज मिळते. परंतु तिचे आयुर्मान ठरवते कंपनी. एक्सपी आवृत्तीचा आधार २०१४ मध्ये, विंडोज ७ चा २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक जुने संगणक अधिकृतरीत्या अपात्र ठरले.

लिनक्सचा स्रोत-संकेत खुला असतो. प्रती काढण्यास वा बदल करण्यास परवानाशुल्क लागत नाही. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली याच परंपरेतील होय. तथापि विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे. प्रशिक्षण आणि देखभाल यांवर पैसा लागतोच, आणि नेमका तोच अंदाजपत्रकातून सुटतो.

केरळचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. आरंभीचा अभ्यासक्रम विंडोजकेंद्री होता. त्यावर शिक्षक संघटना व मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी आक्षेप घेतले आणि शाळा टप्प्याटप्प्याने लिनक्सकडे वळल्या. परवान्याचा खर्च वाचला हे खरे, पण शिक्षकांचे व्यापक प्रशिक्षण झाले नसते तर ही बचत कागदावरच राहिली असती. याउलट जर्मनीतील म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी चालवण्याची अडचण हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. राजकीय बदलाचाही त्यात वाटा होता, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. निविदेत या पर्यायाचा विचार व्हावा आणि तो वगळल्यास पुरवठादाराने कारण द्यावे, अशी त्यात अपेक्षा आहे. मात्र त्याआधीचे, २०१० चे खुल्या मानकांविषयीचे धोरण आम्हांला अधिक मूलगामी वाटते. प्रणाली बदलता येते. दस्तऐवज बंदिस्त स्वरूपात अडकला, तर तो सोडवणे कठीण. मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा पुंजका होऊन उघडतो, मग तेथे प्रणाली कोणतीही असो. म्हणून स्थलांतरापूर्वी जुन्या संचिका युनिकोडमध्ये आणण्याच्या कामाचे वेळापत्रक आणि खर्च आधी मांडावा लागतो.