सोलर पॅनेलला हवा उजेड. मे महिन्यातले ऊन उलट तोट्याचे

मैलूर (बिदर) : गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर लोकांच्या ओळखीचा आहे. त्यामुळे विजेचे पॅनेलही तापूनच चालते, असा समज होतो. तसे नाही. पाण्याला उष्णता लागते, पॅनेलला उजेड.

काचेखालच्या निळ्या-काळ्या चकत्या सिलिकॉनच्या असतात. एका थरात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन मिसळलेले असते. त्यामुळे एकीकडे इलेक्ट्रॉन जादा, दुसरीकडे कमी, आणि थर भिडतात तिथे विजेचा जणू उतार तयार होतो. उजेडाचा कण आदळला की इलेक्ट्रॉन जागचा सुटतो आणि या उतारामुळे एकाच बाजूला ढकलला जातो. तार जोडली की तो तारेतून फिरून परत येतो. हाच करंट. काही जळत नाही, फिरत नाही. ढगाळ दिवशीही वीज होते, फक्त कमी.

एका चकतीचा जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून त्या माळेसारख्या जोडतात. टाकीची सावली एका चकतीवर पडली तरी त्या माळेचा करंट अडतो. मिळालेल्या डीसीचा एसी इन्व्हर्टर करतो.

पॅनेलची ताकद २५ अंशांवर मोजून छापलेली असते. पॅनेल त्यापुढे तापले की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात कलबुरगीत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पॅनेल ६० अंशांवर तापलेले असते. म्हणजे दहा-पंधरा टक्के गेलेच! म्हणून पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळला पाहिजे.

खरी फसगत होते लाइट गेल्यावर. बॅटरी नसलेला, नेट मीटरवरचा सोलर भर दुपारीही बंद पडतो. तो बिघाड नव्हे. गच्चीवरची वीज लाइनमध्ये गेली तर खांबावरच्या लाइनमनचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. विकणारे हे सांगतीलच असे नाही. आधी विचारून घ्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना केंद्राची आहे. त्यामुळे मैलूर असो की उदगीर, अनुदान सारखेच: १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार रुपये. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरावेत. महावितरणचे बिल भरणाऱ्यांनी त्यावरून हिशेब मांडावा. इकडे गृहज्योतीत २०० युनिटच्या आत ज्यांचे बिल शून्यच येते, त्यांनी मात्र कर्ज काढण्याआधी दोनदा विचार करावा.